शिंगरोबाची वाट

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागले म्हणजे वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. गाडीवान तेथे क्षणभर थबकतात. कोणी नारळ वाढवितो, कोणी नाणे टाकून हात जोडतो. हा देव म्हणजे आपल्याच ज्ञातीतील एक धनगर होय, हे त्या भाविकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

कथा अशी सांगतात की, घाट कोठून न्यावा हे इंग्रज इंजिनियरांना उमजेना, तेव्हा खंडाळ्याच्या रानात गुरे चारणाऱ्या शिंगरोबाने त्यांना आपली रोजची वाट दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाच्या गोळीला तो बळी पडला. ही लोककथा आहे, आणि लोककथा म्हणूनच तिचा मान राखावा. दप्तरातील इतिहास निराळा आहे. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, घाटातून गाडीरस्ता झाला. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, पण घाटातील काम १८५६ पासून चालू असूनही १८६३ साली पुरे झाले. मधली पाच वर्षे उतारूंना घाट पालखीने वा तट्टावरून ओलांडावा लागे. जेम्स बर्कली या मुख्य इंजिनियराचे नाव दप्तरात राहिले; पंचवीस बोगदे फोडणाऱ्या हजारो मजुरांची नावे राहिली नाहीत. डोंगर जाणणाऱ्यांच्या वाट्याला एक देऊळ आले.

ते जाणणे काय होते? कोणता झरा चैत्रातही वाहतो, कोणत्या उतारावर गुरे केव्हा न्यावी, कोणते कुरण पावसाळाभर राखावे, कारवी किती तोडावी म्हणजे कुडालाही पुरेल व दरडही धरून राहील, आणि देवराईतील फांदीला हात का लावू नये, हे सारे आमच्या वाडवडिलांस तोंडपाठ होते. १८७८ च्या जंगल कायद्याने मात्र राने राखीव झाली आणि राखणारा तेथे परका ठरला. चराईची राने जंगलखात्याने घेतल्याने गरिबांची गुरे कशी उपाशी पडली, याविषयी जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कळवळून लिहिले आहे.

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा करून या अन्यायाची कबुली दिली. भटक्या व पशुपालक समाजांचा चराईचा हक्क त्यात स्पष्ट मांडला आहे. इतकेच नव्हे, तर परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर असा हक्क मिळविला, आणि २०११ पासून तेथील बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली.

आपला मार्ग अधिक बिकट आहे. आपला समाज अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत गणला जातो. म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वनावर अवलंबून वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या पूर्वजाने घाटाला वाट दाखविली असे जग सांगते, त्यांनीच आपण येथे होतो याचा पुरावा द्यावा, हे दैवदुर्विलसितच! तथापि नियमांत दिलासाही आहे. जुनी घरे, देवस्थाने, दफनभूमी यांच्या खुणा आणि वृद्धांची लेखी नोंदलेली साक्ष, हेही पुरावे मानले जातात.

येथे आम्हांस स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. आमच्या आजोबांना खंडाळ्याभोवतीचे झरे नावानिशी ठाऊक होते. आम्ही मॅट्रिक झालो, पुढे जन्मभर मुलांना बर्कलीचा घाट शिकविला. पण आजोबांजवळ वही घेऊन एक दिवसही बसलो नाही. ते गेले, त्यांच्याबरोबर ती नावेही गेली.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची विनंती आहे की, प्रत्येक वाड्यावरील शिकलेल्या मुलाने या दिवाळीपूर्वी घरच्या वृद्धांची साक्ष लिहून घ्यावी, कुरणांचा व पाणवठ्यांचा नकाशा काढावा आणि तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ठेवावा. हक्क मिळाला तर राखण्याची जबाबदारीही आपलीच राहील. शिंगरोबाला नारळ वाहावाच. पण त्याची वाट कागदावर उतरली, तर तीच त्याची खरी पूजा होय.