घोडा एक, दावे दोन

गडचांदूरला पाहुणा आला की त्याला दाखवायचं काय, हा आमच्या घरचा कायमचा प्रश्न. सिमेंटचा कारखाना त्याला यष्टीतूनच दिसलेला असतो आणि माणिकगडाचा चढ त्याच्या गुडघ्यांना झेपत नाही. मग त्याची रवानगी भद्रावतीला.

पांडवांच्या अश्वमेधासाठी भीमाने श्यामकर्ण घोडा आणला तो याच गावच्या यौवनाश्व राजाकडून, असं इकडे सांगतात. बरोबर कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मेघवर्ण. घोडा तळ्यावर पाणी प्यायला आला नि मंडळींनी तो लांबवला. (आज याला कुठलं कलम लागेल ते वकिलांना विचारा.) पण ही हकिगत व्यासांच्या महाभारतात शोधू नका, ती जैमिनीच्या अश्वमेधात आहे. अठराव्या शतकात श्रीधरस्वामींनी ती मराठी ओव्यांत आणली आणि पोथीबरोबर घोडा घरोघर पोचला.

आम्ही पडलो बँकेतले कारकून. सहीत वेलांटी चुकली तरी चेक परत. नगरपालिका म्हणते भद्रावती, रेल्वेच्या पाटीवर मात्र अजून भांदक! बरं, तिकडे कच्छातल्या भद्रेश्वरचंही जुनं नाव भद्रावतीच, आणि पांडवांचा घोडा त्यांच्याही दाव्याला बांधलेला. अर्थात गावाने पत्ता बदलावा यात आम्हाला नवल नाही. आमचा राजुऱ्याकडचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. खातं तेच, शाखा तीन.

आमची तक्रार वेगळीच आहे. घोड्याचा खूरसुद्धा कुणाला दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येतं त्याची चौकशी कमी. विजासनच्या टेकडीत दगड पोखरून सरळ आत गेलेला लांब बोळ आहे, टोकाला अंधारात बसलेले बुद्ध, आणि बाजूंनी तसेच आणखी बोळ. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅमसाहेब इथं येऊन ही लेणी पाहून, मोजून, अहवालात लिहून गेले. गावात केसरिया पार्श्वनाथांचं जैन मंदिर आहे, भद्रनागाचं देऊळ आहे, डोलारा तळ्यात बेटाकडे जाणारा जुना दगडी पूल आहे.

पण हे कुणी केलं म्हणून विचारलं की बरोबरच्या माणसाचं उत्तर तयार : "पांडवांनी, साहेब!" वनवासात मिळेल ते खाऊन दिवस काढणाऱ्या पाच भावांनी आमच्या जिल्ह्यात एवढं बांधकाम उरकलं, की बांधकाम खात्याने लाजावं. ज्या पाथरवटांनी छिन्नी धरून तो डोंगर आतून रिकामा केला, त्यांच्या नावावर मात्र आजतागायत एक पैसा जमा नाही. रक्कम भरली त्यांनी, पावती फाटली भीमाच्या नावाने. आमच्या शाखेत असं झालं असतं तर दुपारच्या आत ऑडिटर हजर झाला असता.