रुग्णाच्या उशाशीं

इ. स. १८९९ सालीं नाशिक जिल्ह्यांतील भगूर गांवीं प्लेगची सांथ आली आणि सावरकरांच्या घरांतील कर्ते पुरुष दामोदरपंत तींत दगावले. धाकटा मुलगा नारायण यासही त्या रोगानें गांठलें, तेव्हां वडील बंधु बाबाराव यांनीं त्यास नाशिकच्या प्लेगच्या इस्पितळांत नेलें. परंतु इस्पितळांत नेलें एवढ्यानें त्या काळीं काम भागत नसे. औषध देणारा कोणी तरी असे. रात्रभर पाणी पाजणें, कपडे बदलणें, वातांत उठून धांवणाऱ्या रोग्यास धरून ठेवणें, हीं कामें बहुधा घरच्या माणसासच करावीं लागत. बाबाराव भावाच्या शुश्रूषेस राहिले आणि अखेर त्यांनाही प्लेग झाला. सुदैवानें दोघेही बंधु वांचले. शुश्रूषा करणारानें स्वतःच खाट धरावी ही त्या सांथींत नवलाची गोष्ट नव्हती. संसर्ग कसा टाळावा हें रीतसर शिकलेलें माणूस रोग्याजवळ क्वचितच असे.

शिकलेलें माणूस नव्हतें, याचा अर्थ शिक्षणाची सोय मुळींच नव्हती असा नव्हे. मुंबईंत सर जमशेटजी जीजीभाई इस्पितळ १८४५ सालीं सुरू झालें होतें. खास स्त्रियांसाठीं काढलेलें कामा इस्पितळ १८८६ सालीं उघडलें व तेथील कारभार डॉ. इडिथ पीची या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या हातीं होता. १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय परिचारिका शिक्षणासाठीं आली, असें या व्यवसायाच्या इतिहासांत नमूद आहे. अडचण होती ती आपल्या समाजाच्या मनांत. परक्याचें मलमूत्र काढणें, पुरुष रोग्याच्या अंगास हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, यांपैकीं एकेक गोष्टही कुलीन म्हणविणाऱ्या घरांस विटाळ वाटण्यास पुरेशी होती. येथें तर तिन्ही एकत्र आल्या होत्या. म्हणून पुष्कळ वर्षें हें काम मिशनच्या स्त्रियांवर आणि ख्रिस्ती मुलींवर सोंपवून बाकीचा समाज त्यांच्या हातून बरा होऊन घरीं जात असे, आणि घरीं गेल्यावर त्यांनाच नांवें ठेवीत असे.

या समजुतीवर जोराचा घाव पडला तो पुण्यास. परंतु तो घालणाऱ्या बाईंच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात नाशिकासच झाली होती. न्यायमूर्ति माधवराव रानडे यांचा जन्म १८४२ सालीं याच जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. पुढें १८७८ च्या सुमारास त्यांची नेमणूक नाशिकास झाली असतां रमाबाई त्यांच्याबरोबर येथें राहिल्या. येथील हायस्कुलांतील एका समारंभांत त्या आयुष्यांत प्रथमच लोकांपुढें उभ्या राहिल्या. त्या वेळचें भाषण माधवरावांनींच लिहून दिलें होतें.

माधवरावांच्या पश्चात् १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें रमाबाईंनीं पुण्याचें सेवासदन उभें केलें आणि ससून इस्पितळांत परिचारिकेचें काम शिकण्यास मुली व विधवा पाठविण्यास आरंभ केला. एका वार्षिक समारंभांत बक्षीस घेण्यास त्यांतील एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेलें, डोक्यावरून पदर ओढलेला. तिला पाहतांच गॅलरींत बसलेल्या विद्यार्थ्यांनीं हुल्लड सुरू केली. पुढें समारोपाचे चार शब्द बोलण्यास रमाबाई उठल्या, तेव्हां त्यांनीं त्या तरुणांस चांगलेंच फैलावर घेतलें. तुमच्यापैकीं जवळजवळ प्रत्येकाच्या घरीं अशी एखादी बहीण, एखादी आई असेल, मग हंसतां कोणास, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. गॅलरी चिडीचूप झाली. नाशिकास दुसऱ्यानें लिहिलेलें भाषण करणाऱ्या बाईंस या खेपेस कोणीं कांहीं लिहून दिलेलें नव्हतें. हंसणारीं मुलें अडाणी नव्हतीं, शिकणारीं होतीं, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

प्रतिष्ठा हळूहळू मिळाली; पुरेशीं माणसें मात्र मिळालीं नाहींत. १९४६ सालीं भोर समितीनें सर्व देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला, त्यांत सुमारें ४३,००० लोकसंख्येमागें एक परिचारिका असें प्रमाण निघालें. इंग्लंडांत तें ३०० माणसांमागें एक असें होतें. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९५४ सालीं परिचारिकांच्या नोकरीच्या अटींचा व वेतनाचा विचार करण्यास शेट्टी समिति बसली. पुढें परिषदेनें प्रमाणही ठरवून दिलें: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागें एक, इतर रुग्णालयांत पांच खाटांमागें एक, शिवाय रजेवर जाणारांच्या बदलीसाठीं शेंकडा तीस अधिक. कागदावर हें उत्तम आहे. प्रत्यक्षांत चाळीस खाटांच्या सरकारी कक्षांत रात्रपाळीस एक किंवा दोन परिचारिका असणें कोणास आश्चर्याचें वाटत नाहीं, आणि खाटांखालीं जमिनीवर गाद्या टाकलेले रोगी तर खाटांच्या हिशेबांत धरलेलेच नसतात.

याचा परिणाम केवळ तिच्या पायांवर आणि पाठीवर होतो असें नाहीं. डॉक्टर रोग्यास दिवसांतून दोनदां पाहतो. मधल्या वेळांत श्वास बदलला, लघवी कमी झाली, सलाईनची बाटली संपत आली, हें पाहणारे डोळे परिचारिकेचे. त्याच डोळ्यांवर चाळीस रोगी, त्यांचे नातलग आणि भरावयाच्या नोंदवह्या पडल्या, म्हणजे जी गोष्ट तासापूर्वीं ध्यानांत यावयाची ती तासानंतर येते. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ इस्पितळांची पाहणी करून लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, परिचारिकेवर शस्त्रक्रिया झालेला एकेक रोगी जसा वाढतो, तसा तिच्या रोग्यांपैकीं एखादा तीस दिवसांत दगावण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो. घरांत पांच मुलें सांभाळणाऱ्या आईला हा निष्कर्ष आंकड्यांवांचून समजेल.

नाशिकास तो फार कठोर रीतीनें समजला. ऑगस्ट २०१७ मध्यें येथील जिल्हा रुग्णालयांत ५५ अर्भकें दगावल्याची बातमी देशभर पसरली. नवजात बालकांच्या कक्षांत इन्क्युबेटर होते १८, आणि एकेकांत दोन-दोन, तीन-तीन बालकें ठेवावीं लागत होतीं. पुष्कळ बालकें दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलीं, अत्यंत कमी वजनाचीं, खासगी दवाखान्यांतून अगदीं शेवटच्या घटकेस आणलेलीं होतीं, हें अधिकाऱ्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु अशा बालकास हात लावण्यापूर्वीं आणि लावल्यानंतर प्रत्येक वेळीं हात धुणें हें परिचारिकेचें पहिलें कर्तव्य असतें. एका पेटींत तीन जीव असतील, तर कोठून कोठें हात न्यावा?

त्यानंतर चार वर्षांच्या आंतच, २१ एप्रिल २०२१ रोजीं, कोरोनाच्या ऐन भरांत, नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांतील प्राणवायूच्या टाकीस गळती लागली. नळांतील दाब घसरला आणि २२ रोगी दगावले. मागाहून हा आंकडा २४ झाला. टाकी परिचारिकांच्या अधिकारांतली नव्हती. कक्षांत रोग्यांजवळ मात्र त्याच होत्या, आणि अंगावर नखशिखांत झांकणारा पोशाख चढवून जे हाल पाहावयाचे ते त्यांनीं पाहिले. नातलगांचा आक्रोशही प्रथम त्यांच्याच कानीं पडला. अशा वेळीं शोकाचा संताप व्हावयास वेळ लागत नाहीं. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांसाठीं तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवणारा कायदा महाराष्ट्रानें २०१० सालींच केला आहे. तरी रात्रीं एकटीनें कक्ष सांभाळणाऱ्या बाईस त्याचा आधार बहुधा दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळतो.

सांथ ओसरल्यावर पुष्पवृष्टीही थांबली. मे २०२२ मध्यें राज्यांतील सरकारी परिचारिका संपावर गेल्या. परिचारिकांच्या जागा बाहेरच्या ठेकेदारामार्फत भरण्यास त्यांचा मुख्य विरोध होता. संपाच्या दिवसांत ठरलेल्या शस्त्रक्रिया ठिकठिकाणीं पुढें ढकलाव्या लागल्या, कक्षांतील कामाचा भार शिकाऊ विद्यार्थिनींवर आला, आणि रोग्यास पाणी पाजण्यास, कूस बदलून देण्यास, रात्रीं उशाशीं जागण्यास पुन्हां घरचें माणूस येऊन बसलें.