नागोयाची पेटी, नंदुरबारची वरात

नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूला लगीनसराईत चार दिवस काढलेल्या माणसाला ‘बेंजो’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. वरातीच्या गाडीवर मोठाले कर्णे बांधलेले असतात, ढोल घुमत असतो आणि त्या साऱ्या कल्लोळावर एक धारदार, किंचित किनरा सूर चढलेला असतो. तो बेंजोचा. परीक्षा आणि लग्ने एकाच हंगामात येत असल्यामुळे आम्हा शिक्षक मंडळींचे या वाद्याशी फारसे सख्य नाही. पण त्याची कुळकथा ऐकण्याजोगी आहे खरी!

मौज अशी की, हा बेंजो मुळी बँजोच नव्हे. खरा बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी घडवला. त्याच्या गोल कड्यावर चामडे मढवलेले असते. आपला हा लांबट पेटीचा, कळा दाबून वाजणारा गृहस्थ जपानी आहे. १९१२ साली जपानचा मेइजी बादशहा वारला आणि तायशो शक सुरू झाला. इकडे दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या खटपटीत होते, तिकडे नागोया शहरात गोरो मोरिता याने दोन तारांच्या जुन्या वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा जोडल्या. नव्या शकावरून नाव पडले तायशोगोतो. कळ दाबली की तार खालच्या धातूच्या पट्टीवर टेकते; सूर शोधत बसायला नको. आपल्याकडे त्याचे ‘बुलबुलतरंग’ झाले, बलुची वादकांनी ‘बेंजू’ केले, आणि आपल्या बँडवाल्यांनी त्यात वीज भरली.

ही वीज भरण्याची युक्ती गिटारचीच. लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे घालायचे. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उठतो आणि कर्णा तो गावभर करतो. तार पितळेची असेल तर हे वेटोळे मुके राहते.

जुना बेंजो पुन्हा बोलता करणे हे मात्र कानाचे काम. पट्ट्यांवरचा गंज काढावा, ढिल्या स्प्रिंगा बदलाव्यात, उकललेले लाकूड सरसाने जोडावे, इथपर्यंत कोणीही करील. खरी परीक्षा घोडीची. मोकळी तार छेडावी, मग वरच्या सा ची कळ दाबून छेडावी. दुसरा सूर बरोबर दुप्पट उंच यायला हवा. तो चढा आला तर घोडी थोडी मागे सरकवून तार लांब करायची, उतरला तर पुढे घ्यायची. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर दाबताना ताणल्या जाऊन बेसूर होतात. फार खाली असतील तर झणझणतात. शिवाय एकाच कळेखाली अनेक तारा असतात, त्यांतली एक जरी वाकडी निघाली तरी सगळी पंगत बिघडते. म्हणून या कामाला घाई चालत नाही.

मुंबईच्या बेंजोवाल्यांवर रवी जाधवांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. पण कुलीन मैफलीत या वाद्याला पाट मांडलेला दिसत नाही. बिचाऱ्या पेटीलाही १९४० ते १९७१ आकाशवाणीचे दार बंद होते. नेमून दिलेल्या सुरांचे वाद्य म्हटले की पंडितांच्या कपाळाला आठी पडतेच. आता पुष्कळ बँडांत कीबोर्ड आला आहे आणि जुने बेंजो माळ्यावर, नाही तर भंगारात जातात. मला याचे वाईट वाटते, कारण कीबोर्डच्या पोटातली चकती जळली तर गावचा कारागीर हात टेकतो. बेंजोच्या पोटात असे गुपित नाही. त्याची खिळपट्टी उघडली की रोग डोळ्यांना दिसतो, आणि बाजारातल्या चार पोलादी तारांवर तो पुढच्या वरातीला उभा राहतो.