लाल टोपण, केशरी टोपण

इन्सुलिनची सिरिंज हातात घेताना टोपणाच्या रंगाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टोपण काढायचं, औषध ओढायचं, टोचायचं. पण लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला 40 युनिट मोजते आणि केशरी टोपणाची 100. एकाच औषधाला ही दोन मापं कशी आली, हे समजून घ्यायला टोरांटोपासून सुरुवात करावी लागते.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तो जेमतेम किशोरवयातला, वजन तीस किलोच्या आसपास. मधुमेह झालेल्या मुलांना तेव्हा जवळजवळ उपाशी ठेवत. मृत्यू थोडा लांबावा, एवढंच त्यातून साधायचं. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या अर्काने लिओनार्डची साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता आणि टोचलेल्या जागी गळू झालं. इंजेक्शन थांबवावी लागली. बारा दिवसांनी जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला गेला, तेव्हा मुलगा सावरला. तो 1935 पर्यंत जगला.

याच खटाटोपात या औषधाची दुसरी बाजूही दिसली. कॉलिप अर्काची ताकद सशांवर तपासत. मात्रा जास्त झाली की सशाची साखर इतकी उतरे की त्याला झटके येत; ग्लुकोज टोचलं की तोच ससा थोड्या वेळात उठून बसे. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर जवळ बाळगावी, हे शहाणपण असं औषधाच्या जन्माबरोबरच आलं. आजही शुगर लो झाली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर मोठ्या माणसाला साधारण 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून देतात आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासतात. लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी. चॉकलेट इथे कामाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. घास श्वासनलिकेत जातो. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठायचा.

‘युनिट’ हे मापही त्या सशांनीच दिलं. सुमारे दोन किलो वजनाच्या उपाशी सशाची साखर झटके येण्याइतकी उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट, अशी सुरुवातीची व्याख्या होती. पुढे ते युनिट याच्या एक तृतीयांश धरलं गेलं. औषध ग्रॅममध्ये न मोजता त्याच्या परिणामावरून मोजायचं, कारण प्रत्येक घाण्यातला अर्क वेगळ्या ताकदीचा निघे.

शुद्धीकरण सुधारलं तसं औषध दाट होत गेलं. आधी मिलिलिटरला 10 आणि 20 युनिट, मग 40, मग 80. एकेका सिरिंजवर दोन-दोन मापं छापलेली असत आणि चुकीच्या मापावर नजर गेली की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होई. म्हणून अमेरिकेने 1970च्या दशकात 100 युनिटांचं एकच माप धरलं; ब्रिटनने 1983 मध्ये.

भारतात मात्र दोन्ही मापं शेजारी शेजारी नांदतात. इन्सुलिनची बाटली प्रामुख्याने 40ची, इन्सुलिन टोचायच्या पेनमधलं कार्ट्रिज 100चं. आता हिशोब पाहा. डॉक्टरांनी 20 युनिट सांगितले आहेत. 40च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत घेतलं तर ते अर्धा मिलिलिटर भरतं, म्हणजे बरोबर 20 युनिट. तेच औषध केशरी सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत घेतलं तर शरीरात जातात फक्त 8. आणि पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधलं औषध लाल सिरिंजने ओढलं तर 20च्या खुणेला 50 युनिट जातात.

वीसच्या जागी आठ, ही चूक साखर चढवते. वीसच्या जागी पन्नास, ही चूक जीव घेऊ शकते.

जुनं माप म्हणून 40च्या बाटलीला नावं ठेवणं मात्र अन्यायाचं आहे. टाइप 1 मधुमेह झालेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी एक-दोन युनिटच लागतात. 100च्या औषधात एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, डोळ्यांना जेमतेम दिसणारा; 40च्या औषधात तो अडीच पट मोठा, आईला खुणेवर नीट धरता येतो. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर एक काम आणखी वाढतं. बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर बुडबुडे होतात आणि त्या इवल्याशा मात्रेत त्यांनीच जागा खाल्लेली असते.

अनेक घरांत आता आजोबा बाटलीवर आणि नातू पेनवर असतो. दोघांचं औषध फ्रिजच्या एकाच खणात, लोणच्याच्या बरणीशेजारी. बाटलीच्या चिठ्ठीवर 40 छापलेलं, पेनच्या चिठ्ठीवर 100, आणि डब्यात आजोबांच्या लाल टोपणाच्या सिरिंज.