विद्यापीठ ग्रंथालयीन सेवकांचा गौरव : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विद्यापीठांच्या इतिहासात कुलगुरू व देणगीदार यांची नोंद होते. ग्रंथालयीन सेवकांची क्वचितच होते. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावरील राजाबाई टॉवर (1878) देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे नाव सांगतो, तर पुण्याचे जयकर ग्रंथालय पहिल्या कुलगुरूंचे.

ग्रंथपालाच्या कार्यास राष्ट्रीय मान्यता लाभली ती प्रामुख्याने डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्यामुळे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे ग्रंथरूपाने मांडली. 1957 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाचा महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार सार्वजनिक ग्रंथालयांतील उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवक यांना दिला जातो. विद्यापीठीय सेवक त्या कक्षेबाहेरच राहतात.

वस्तुतः वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्यास नेमका ग्रंथ काढून देणारा परिचर वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्रच आचरत असतो. ग्रंथसंख्येच्या आकड्यांत हे श्रम दिसत नाहीत. म्हणून विद्यापीठांनी वार्षिक अहवालात सेवकांचे कार्य नावानिशी नोंदवावे. अशी नोंद नसेल तर सत्कार समारंभापुरताच उरतो आणि उद्याच्या इतिहासकाराच्या हाती काहीच लागत नाही.