मंगळवारची घसरगुंडी

चपला इथंच काढा. मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्लीही राहू द्या. बरोबर फक्त एक पोतं घ्या, मोंढ्यातलं, सरकीचा वास मारणारं. तुम्ही आता दहा वर्षांचे आहात, चड्डीला मागून ठिगळ आहे, आणि उद्या मंगळवार असूनही शाळेत जायचं नाही. उद्या अंगारकी. राजूरला निघायचंय.

जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका आहे. स्वतःचा जिल्हा व्हायला 1981 उजाडायचंय. तुम्हाला त्याचं काय! सोमवारी रात्री तृतीयेचा चंद्र वर आला की गाड्या जुंपायच्या. पौषातली थंडी. आठ कोसांची वाट, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. म्हातारी माणसं आणि लेकरं गाडीत, बाकीचे पायी. मागं स्टेशनात मीटरगेजचं इंजिन शिटी देतं, ती रानात बराच वेळ ऐकू येते. कडब्याचा वास, आखाच्या वंगणाचा वास, आजीच्या घोंगडीचा वास. पुढच्या गाडीतून ‘मंगलमूर्ती’ येतं, तुमच्या गाडीतून ‘मोरया’ जातं. मध्येच खाली उडी मारा. दिवसा पोळणारा फुफाटा आत्ता पिठासारखा मऊ आणि थंडगार लागतो. दोन्ही अंगांना शाळू उभा आहे. एका शेतात आगटी अजून धुमसतेय. हुरड्याची मूठ कुणी पुढं केली तर घ्या, उद्या उपास आहे.

उजाडतं ते गर्दीत. राजूरचा गणपती टेकडीवर आहे आणि त्या टेकडीच्या पायऱ्या दिसतच नाहीत, दिसतात ती फक्त डोकी. फेटे, टोप्या, पदर. तुमची उंची मोठ्यांच्या कमरेएवढी, त्यामुळं तुम्हाला दर्शन होतं ते कोपरांचं आणि धोतरांच्या सोग्यांचं. शेंदूर, कापूर, तूप, चुरगळलेल्या दुर्वा, घाम. घंटा वाजायची थांबत नाही. मामा तुम्हाला खांद्यावर उचलतो, क्षणभर लाल-केशरी काहीतरी चमकतं, तुम्ही हात जोडेपर्यंत रेटा पुढं ढकलतो. झालं दर्शन.

आता पोतं.

गाड्या सोडल्यात त्या माळामागं एक बिननावाची टेकडी आहे. गर्दी सगळी देवाकडं, त्यामुळं ही टेकडी पोरांची. वर पिवळीजर्द कुसळी, गुरांच्या येण्याजाण्यानं लोळलेली. खाली काळ्या दगडाचा झिजून झालेला तांबूस मुरूम. सकाळी गवतावर दंव असतं, पोतं जागचं हलत नाही. घाई करू नका, भगर आणि दाण्याची आमटी खाऊन या. दुपारी गवत कडकडीत वाळलं की त्याच्यासारखी घसरण नाही.

चढा. धाप लागू द्या. वर एक थोराड पोरगा उभा आहे, इथला अनुभवी तोच. तो सांगतो, ‘पोत्याचं तोंड पायाकडं घे. दोन्ही कोपरे गच्च धर. मागं रेल. अन् टाचा टेकू नको, टेकल्या की तोंडावर पडशील.’ खाली बघू नका म्हटलं तरी तुम्ही बघताच. गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. पोटात गोळा येतो. पाठीवर थाप पडते, आणि गेलात!

पहिले दोन हात पोतं कुरकुरतं, मग गवत ‘सर्रर्र’ करत खालून वाहायला लागतं. डोळ्यांतून पाणी. तोंड उघडं, त्यात वारा. डावीकडं झुकलात की पोतं डावीकडं वळतं, हे कुणी शिकवलं नाही, अंगालाच कळलं. गवत संपून मुरूम लागतो तसे बारीक गोल खडे पोत्याखाली गोट्यांसारखे गडगडतात, दात खडखडतात, आणि शेवटी तुम्ही धुराळ्यात आडवे. ठिगळ गेलं. गुडघा सोलला. तुम्ही उठता ते थेट वर पळायलाच.

गुलमर्गला आज बर्फावर स्कीइंग करायला गोंडोलात बसून जवळपास चार हजार मीटरवर जाता येतं. इथं वर न्यायला स्वतःचे पाय, पण खाली येतानाची ती पोटातली पोकळी तीच. मराठवाड्याच्या पोरांनी तिच्यासाठी बर्फाची वाट बघितली नाही. अशा कितीतरी टेकड्या पुढं मुरमासाठी खोदल्या गेल्या, रस्त्यांच्या भरावात गेल्या. उरल्यात त्या राखायला हव्यात, मला फार मनापासून वाटतं.

पण आत्ता दुपार आहे, आणि तुमची पंधरावी फेरी. सरकीच्या वासाचं पोतं आता मातीचा वास देतंय, त्याला मधोमध भोक पडलंय. कुसळं पोत्यात, चड्डीत, मांडीत. शेवटी आजीच शोधत येते. ‘काय रं हे रगत?’ रागावत नाही. बांधावरून दगडीपाला तोडते, तळहातावर चुरून हिरवा रस गुडघ्यावर पिळते. झोंबतं, ओरडा. मग ती तुम्हाला पालथं घालून एकेक कुसळ उपटत बसते, कंदील पेटेपर्यंत.

थंडी पुन्हा उतरलीय. माळावर शंभर चुली धुरकटतायत, तिळाच्या बाजरीच्या भाकरीचा खमंग वास सुटलाय, फडक्याखाली गुळाचे मोदक झाकून ठेवलेत. सगळ्यांच्या माना पूर्वेकडं. नऊ वाजत आले असतील. शाळूच्या कणसांमागं उजेड होतो, एका कडेनं थोडा कमी असलेला चंद्र वर येतो आणि अख्ख्या माळावरून ‘मोरया’ उठतं.

चंद्र दिसला. हात धुवा, जेवायला बसा.