सक्रियित कार्बन, वनस्पतिजन्य
भाताचे तूस, नारळाची करवंटी, लाकडाचा भुसा यांसारख्या टाकाऊ वनस्पतिभागांपासून केलेला अतिसच्छिद्र कोळसा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात वावरसारख्या गावी भातरोपांसाठी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळतात. उघड्यावर जळताना कार्बन हवेत जातो, राख उरते. हवा कोंडून तापवले तर मात्र कोळसा मिळतो. त्याला 800 ते 1000° से. तापमानात वाफ दिली की ती कार्बन कुरतडत आत शिरते आणि छिद्रे मोकळी होतात. कच्चा माल फॉस्फोरिक आम्लात भिजवून सुमारे 500° से.लाही हे साधते. चिमूटभर, एक ग्रॅम भुकटीचे आतले पृष्ठ 1000 चौ. मी., म्हणजे जवळजवळ दहा गुंठ्यांचे शेत, भरू शकते! प्रदूषकांचे रेणू या पृष्ठाला चिकटतात, हेच अधिशोषण. मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात भुकटी ढवळून गाळली, की पाणी नितळ उतरते. तुसात सिलिका बरीच असल्याने राख अधिक. टणक करवंटी सरस, आणि पहिल्या महायुद्धात वायुमुखवट्यांसाठी तीही वापरली गेली. पालघर जिल्ह्यातच तारापूरला रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्यासाठी हा कोळसा उपयोगी. जंतू मात्र तो मारत नाही, त्यामुळे विहिरीचे पाणी त्यातून गाळले तरी उकळावेच लागते.